नागपुरात घर बांधताय? रस्त्याकडचे पहिले दहा फूट असे आखा

नागपूरची ओळख विचारली की झीरो माईलचा खांब, दीक्षाभूमीचा घुमट, रेल्वे स्टेशनची दगडी इमारत, वर्धा रोडवरचा डबल-डेकर पूल ही नावं पुढे येतात. पण बेसा, हुडकेश्वर किंवा मानकापूरकडच्या एखाद्या नव्या ले-आऊटमध्ये उभं राहून पाहा. हे नागपूर की रायपूर, ते घरांवरून कळत नाही. पंधराशे फुटांचा प्लॉट, समोर टिनाचं शेड, रस्त्यात उतरलेला रॅम्प, काचेची पट्टी, तिच्याभोवती एसीपीची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या चकचकीत पॅनेलची, चौकट आणि खिडकीबाहेर लोंबणारा कूलर. रोज दिसणारं शहर हेच आहे, कारण पूल एकच असतो आणि प्लॉट लाखो.

म्हणून हा मजकूर एकाच पट्ट्याबद्दल आहे: रस्त्याच्या कडेपासून तुमच्या घराच्या पहिल्या भिंतीपर्यंतचे साधारण दहा फूट आणि त्या भिंतीचा दर्शनी भाग. इथलं ऊन, काळी माती, पाऊस आणि कूलर यांचा नीट विचार करून हा पट्टा आखला तर घर आपोआप नागपूरचं दिसतं. वेगळी सजावट लागत नाही. मापं ३० बाय ५० फुटांचा प्लॉट धरून दिली आहेत.

आधी गल्ली मोजा

नकाशा काढायला देण्याआधी एक सकाळ टेप, वही आणि मोबाइल घेऊन स्वतःच्या गल्लीत घालवा. आपल्या प्लॉटच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच घरं घ्या. प्रत्येक घराच्या पाच गोष्टी लिहा: रस्त्यापासून जोत्याची उंची, तळमजल्याच्या छज्ज्याची खालची रेषा, कंपाउंडची उंची आणि त्यातला भरीव भाग, मुख्य खिडकीची रुंदी-उंची, आणि कूलर कुठे लावला आहे.

दहा घरांत सहा-सात घरांचा छज्जा एकाच पातळीत सापडतो, कारण बहुतेकांचं जोतं दोन-अडीच फूट आणि लिंटल, म्हणजे दार-खिडकीवरची आडवी तुळई, सात फुटांवर असतं. ती रेषा, म्हणजे रस्त्यापासून सुमारे साडेनऊ फूट, आपल्या नकाशात जशीच्या तशी घ्या. दुसरी रेषा गच्चीच्या कठड्याची. या दोन रेषा शेजाऱ्यांशी जुळल्या की बाकी घर कितीही वेगळं करा, गल्ली एकसंध दिसते. उलट, सगळ्यांपेक्षा चार फूट उंच खोटी भिंत उभारून घर 'मोठं' दाखवायचा मोह नव्या एलिव्हेशनमध्ये, म्हणजे दर्शनी भागाच्या आराखड्यात, हमखास असतो. ती भिंत वाऱ्याचा मार सोसते, तिच्या मागे पाणी साचतं आणि तिसऱ्या पावसाळ्यात तिच्या बुडाशी ओल दिसू लागते.

मग एखाद्या रविवारी शहरात फिरून या. सिव्हिल लाइन्समध्ये जुने सरकारी बंगले पाहा: उंच छत, चारी बाजूंनी सपरी (छपराखालचा व्हरांडा), खाली उतरत आलेलं कवेलूंचं छप्पर. नागपूर १८६१मध्ये मध्य प्रांताची राजधानी झालं, आणि इथला उन्हाळा न सोसणाऱ्या साहेबांसाठी जे बांधलं गेलं त्यात सावलीला पहिला मान होता. महालात गांधी गेटमधून आत शिरलात की उलटी रीत दिसते: भिंत थेट रस्त्यावर, मोकळी जागा आत चौकात. धंतोली, रामदासपेठ, धरमपेठेत जी जुनी घरं अजून उभी आहेत त्यांच्या गोल कोपऱ्याच्या बाल्कन्या, सलग फिरणारे छज्जे, मोझॅकच्या पायऱ्या बघा. १९२५ला सुरू झालेलं स्टेशन आणि १९४०चं हायकोर्ट यांत दगड आणि खोल कमानी आहेत. खिडकी भिंतीच्या आत किती सरकवली आहे, ते तिथे मोजून या. हे सगळं नक्कल करायला पाहायचं नसतं. पंधराशे फुटांच्या प्लॉटवर हायकोर्टची कमान हास्यास्पद दिसते. सावली कशी मिळवली, एवढंच तिथून उचला.

कागद

थोडक्यात: आपला प्लॉट मनपाच्या हद्दीत आहे, नागपूर सुधार प्रन्यासच्या ले-आऊटमध्ये आहे की महानगर प्राधिकरणाकडे येतो, हे आधी पक्कं करा. विक्रीपत्र, आखीव पत्रिका किंवा सातबारा, मंजूर ले-आऊटची प्रत आणि गुंठेवारीतला प्लॉट असेल तर आरएल लेटर (नियमितीकरणाचं पत्र) हाताशी ठेवा. समोरची सामासिक जागा, म्हणजे बांधकामाभोवती सोडायची मोकळी जागा, रस्त्याच्या रुंदीवर ठरते. छज्जा, पोर्च, कूलरचा कोनाडा, जिना जे काही त्या जागेत येणार असेल ते मंजुरीच्या नकाशावरच दाखवा. नंतर 'करून घेऊ' म्हटलेल्या गोष्टीच पुढे टिनाच्या शेडच्या रूपाने उगवतात.

जोतं आणि रस्ता

नागपुरात रस्ते वर चढतात. डांबरी रस्त्याचा सिमेंट रस्ता होताना खालचा थर पुरता न खोदता वर काम झालं की पातळी अर्धा-एक फूट सहज वाढते, आणि कालपर्यंत रस्त्याच्या वर असलेलं अंगण खड्ड्यात जातं. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कमी जोत्याची घरं आधी भरली.

जोतं सध्याच्या रस्त्याच्या मध्यापासून किमान अडीच फूट ठेवा. तुमचा रस्ता अजून डांबरी असेल तर तीन. गेटजवळची अंगणाची पातळी रस्त्यापेक्षा सहा ते नऊ इंच वर हवी आणि उतार घराकडे नको, गेटकडे हवा.

अडीच फुटांना सहा इंची पाच पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीची रुंदी बारा इंच धरली तर पाच फूट जागा गेली. ही जागा नकाशात धरलेली नसते, म्हणून पायऱ्या आणि गाडीचा रॅम्प रस्त्यावर उतरतात, नाली बुजते, आणि पावसाळ्यात नालीचं पाणी शेजाऱ्याच्या गेटात जातं. रॅम्प प्लॉटच्या आत बसवा. गाडी जोत्यावर चढवायची नाही, अंगणाच्याच पातळीवर उभी करायची. मग नऊ इंच चढायला सहा फूट लांबीचा रॅम्प पुरतो, म्हणजे आठास एक उतार. गेट प्लॉटच्या कडेपासून आत घेतलं किंवा सरकतं केलं तर गाडी रस्त्यात उभी ठेवून गेट उघडावं लागत नाही.

ऊन: छज्जा कुठे चालतो, कुठे नाही

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. मार्च आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर आठवडाभराने, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ६९ अंशांवर असतो. डिसेंबरात ४५ अंशांवर येतो. एलिव्हेशनचा निम्मा निर्णय एवढ्या तीन आकड्यांत होतो.

दक्षिणेची खिडकी चार फूट उंच असेल आणि तिच्या डोक्यावर लगेच दीड फुटाचा छज्जा असेल, तर मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन काचेवर पडत नाही. डिसेंबरात त्याच छज्ज्याची सावली फक्त वरच्या दीड फुटावर पडते आणि खालच्या अडीच फुटांतून कोवळं ऊन घरात येतं. दीड फुटाचं साधं काँक्रीट, आणि उन्हाळा-हिवाळा दोन्ही साधले. खिडकी पाच फूट केलीत तर छज्जा दोन फूट करा. छज्जा खिडकीच्या दोन्ही बाजूंना किमान नऊ इंच पुढे काढा, नाहीतर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन कडेने शिरतं. अनेक नव्या घरांत छज्जा खिडकीच्या फूट-दीड फूट वर, स्लॅबच्या पातळीत घेतात, कारण समोरून 'क्लीन' दिसतं. तो शोभेचा छज्जा. त्याची सावली अर्ध्या खिडकीत संपते.

पश्चिमेचं गणित वेगळं आहे आणि नागपुरात खरी लढाई तिथेच असते. मेच्या मध्याला दुपारी सव्वाचारच्या सुमारास सूर्य जेमतेम ३४ अंशांवर असतो. चार फुटांची खिडकी झाकायला त्या वेळी सहा फुटांचा छज्जा लागेल. तासाभराने सूर्य २० अंशांवर येतो आणि अकरा फूट लागतील. म्हणजे पश्चिमेला छज्जा वाढवत बसण्यात अर्थ नाही. इथे तीनच उपाय चालतात.

पहिला, खोल सपरी. सहा फूट खोल सपरी घ्या आणि तिचं छप्पर बाहेरच्या बाजूला सात फुटांपर्यंत खाली आणा. छप्पर उंच ठेवलंत तर पाच वाजताचं ऊन सपरी ओलांडून थेट भिंतीवर येतं. जुन्या बंगल्यांचं छप्पर पुढे झुकलेलं असतं आणि कडेला बांबूच्या चिका किंवा वाळ्याचे पडदे लटकवलेले असत, त्याचं कारण हेच. दुसरा, उभी जाळी किंवा उभ्या पट्ट्या, भिंतीपासून किमान दोन फूट पुढे. तिसरा, पश्चिमेला जिना, संडास-बाथरूम, भांडारखोली ठेवून टाकणं. ऊन खाऊ द्या त्यांना.

प्लॉट पश्चिममुखी असेल तर हॉलची मोठी काच रस्त्याकडे ठेवण्याचा आग्रह सोडा. उत्तरमुखी घरवाले निर्धास्त असतात, तेही पुरतं खरं नाही. जूनमध्ये सूर्य वायव्येला, पश्चिमेपासून २५ अंश उत्तरेकडे मावळतो. उत्तरेच्या खिडकीला पश्चिम बाजूने एक उभी पट्टी, नऊ इंच ते फूटभर, पुरते.

छज्ज्याच्या खालच्या कडेला अर्धा इंच खोल खाच, म्हणजे ड्रिप, ठेवायला मिस्त्रीला दोनदा सांगा. ती नसली की पाणी छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीवर उतरतं आणि दोन पावसाळ्यांत प्रत्येक खिडकीवर काळ्या मिशा दिसतात. सेंट्रिंग लावतानाच अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी ठोकली की काम झालं. नंतर छन्नीने खाच पाडली तर कड तुटते.

कूलरला घर द्या

नागपुरात कूलर हा दर्शनी भागाचा घटक आहे, कोणी मानो न मानो. एप्रिल-मेची कोरडी हवा हे कूलरचं हवामान. म्हणून एसी असलेल्या घरीही हॉलला कूलर असतोच. तरी एकाही एलिव्हेशनच्या चित्रात तो दिसत नाही. घर पूर्ण झालं की लोखंडी स्टँड, वर टिनाचा तुकडा, लोंबती वायर आणि भिंतीवर पांढऱ्या क्षारांचे ओघळ येतात. गल्लीतली सगळ्यात कुरूप गोष्ट हीच, आणि टाळायला सगळ्यात सोपीही हीच.

कूलरचा कोनाडा असा काढा:

- आतून खिडकीच्या जागी कूलरच्या तोंडाएवढं भोक. विकत घ्यायच्या कूलरचं तोंड आधी मोजा. लोकल बनावटीचे कूलर एका मापाचे नसतात.
- बाहेर चार फूट रुंद, तीन फूट खोल काँक्रीटचा ओटा, बाहेरच्या बाजूला उतार आणि कोपऱ्यात दीड इंची निचरा पाइप. पाइप थेट झाडाच्या आळ्यात सोडा, पण भिंतीपासून लांब.
- ओट्याला लागून अर्धा इंची नळ आणि आतल्या बाजूला, पाणी उडणार नाही अशा उंचीवर, १६ अँपिअरचा सॉकेट. वायरिंगला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, हवाच. दरवर्षी उन्हाळ्यात ओल्या कूलरचा शॉक लागून माणसं जातात.
- डोक्यावर छज्जा, समोर आणि बाजूंना जाळी. जाळीचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा हवा. दाट जाळी लावली की कूलर आतलीच दमट हवा ओढतो आणि घर थंड होण्याऐवजी चिकट होतं.

भरलेला मोठा कूलर दीडशे किलोच्या पुढे जातो. तो नुसत्या दोन ब्रॅकेटांवर भिंतीला टांगू नका. ओट्याचं लोखंड स्लॅब किंवा बीममधूनच बाहेर काढा.

कोनाडा शक्यतो उत्तर किंवा पूर्व भिंतीत घ्या, कारण गवताच्या ताट्यांवर थेट ऊन पडलं की त्या लवकर वाळतात आणि पाणी जास्त जातं. समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला खिडकी उघडी हवी. ती नसेल तर कितीही मोठा कूलर लावा, तासाभरात चादर ओली लागते. घर रस्त्याकडूनच पूर्वमुखी असेल तर कोनाडा दर्शनी भागात येईल. येऊ द्या. बाल्कनीच्याच जाळीची नक्षी कोनाड्याला पुढे न्या, म्हणजे तो मुद्दाम केलेला दिसतो. एसीच्या बाहेरच्या युनिटलाही अशीच एक जागा आणि निचरा आत्ताच काढून ठेवा.

जून लागला की कूलर रिकामा करून ताट्या काढा. चालू असतानाही आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करा. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात होतात.

कंपाउंड आणि काळी माती

नव्या घरात सगळ्यात आधी तडा जातो तो कंपाउंडला. घराच्या पायाला इंजिनिअर असतो, कंपाउंडला फक्त ठेकेदार. काळी माती पावसात फुगते, मेमध्ये आक्रसते आणि तिच्यात हात जाईल अशा भेगा पडतात. दीड फूट खोदून सोलिंग टाकलं आणि वर वीट रचली की ती भिंत दर ऋतूला वर-खाली होते.

पद्धत अशी: दर आठ ते दहा फुटांवर कॉलम, त्याचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली. काळ्या मातीचा थर खोल असेल तर अंडररीम पाइल, म्हणजे बुडाशी फुगवलेला काँक्रीटचा खांब जमिनीत, घ्या. घराच्या पाइललाही किमान साडेतीन मीटर खोली लागते आणि खालचा फुगीर भाग खांबाच्या व्यासाच्या अडीचपट असतो. कॉलमवर बीम, आणि बीमखाली मातीपासून तीन इंच मोकळी फट. ही फट कामावर हमखास मातीने भरून टाकतात. मग माती फुगली की बीमला खालून धक्का देते आणि सगळा खर्च वाया. स्वतः वाकून बघा. तीस-पस्तीस फुटांवर एक उभा जोड सोडा.

उंची साडेचार-पाच फूट पुरे. त्यातले खालचे दोन ते अडीच फूट भरीव, वर ग्रिल किंवा जाळी. सात फुटी भरीव भिंतींची गल्ली कितीही रुंद असली तरी बोळ वाटते, वारा अडतो, आणि चोराला एकदा आत उडी मारली की बाहेरून कोणी बघणारं उरत नाही. गेटच्या बाजूला भिंतीतच दीड फूट उंचीचा, तीन-चार फूट लांबीचा कट्टा काढा. संध्याकाळी वीज गेली की गल्ली तिथे बसते.

जाळी, वीट, रंग

विटेची जाळी साडेचार इंची असते. सहा फुटांपेक्षा रुंद पडदा काँक्रीटच्या चौकटीशिवाय उभा करू नका, आणि दर तिसऱ्या-चौथ्या थरात ६ मिमीची सळई चौकटीत गुंतवा. भोक दोन ते अडीच इंचांचंच ठेवा. त्याहून मोठं झालं की पारवे घर करतात आणि पुढची दहा वर्षं तुम्ही जाळीवर जाळी लावत बसता.

उघडी लाल वीट ठेवायची असेल तर आधी परीक्षा घ्या. पाच कोरड्या विटा तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली, म्हणजे २० टक्क्यांहून अधिक पाणी प्याली, तर तिला प्लास्टरच करा. कोराडी-खापरखेड्याच्या राखेमुळे इथे फ्लाय अॅशच्या विटा मुबलक मिळतात. त्यांच्या कडा सरळ असतात आणि करड्या रंगात त्या उघड्याही बऱ्या दिसतात, फक्त सांधे एकसारखे भरणारा मिस्त्री हवा. मेमधलं बांधकाम आणि प्लास्टर सकाळी लवकर करा आणि तराई (पाणी मारणं) किमान सात दिवस, दिवसातून तीनदा. दुपारी दोनला लावलेलं प्लास्टर चार वाजेपर्यंत वाळतं आणि त्यावर केसांसारख्या चिरा येतात.

एसीपी आणि काच पश्चिमेला लावू नका, एवढं एक वाक्य पाळलं तरी पुष्कळ झालं. चुन्याचा पांढरा, फिकट पिवळा, मातकट गुलाबी असे रंग नागपूरच्या उन्हात टिकतात आणि धूळही कमी दाखवतात. गडद राखाडीची सध्या लाट आहे. त्या भिंतीला मेमध्ये संध्याकाळी सातला हात लावून पाहा.

गच्ची रस्त्यावरून दिसत नाही, पण वरचं टिनाचं शेड दिसतं, आणि ते येतं गच्ची तापते म्हणून. ब्रिक-बॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) पांढरा चायना मोझॅक (चिनी मातीच्या टाइलचे तुकडे) करा, उतार दहा फुटांना सव्वा इंच, कोपऱ्यांत गोलाई. गच्ची तापली नाही आणि गळली नाही की शेडची गरजच राहत नाही.

झाड

समोर एक झाड, पश्चिमेच्या बाजूला. करंज उत्तम: एप्रिलमध्ये नवी पालवी येते आणि मेमध्ये दाट सावली. कडुनिंबही तसाच, पण तो फार मोठा होतो. काळ्या मातीत झाड पायातली ओल ओढतं, म्हणून करंज भिंतीपासून दहा फुटांवर आणि कडुनिंब त्याहूनही दूर, शक्यतो रस्त्याच्या कडेला. बहावा फुलतो तेव्हा डोळे निवतात, पण ऐन एप्रिल-मेमध्ये त्याला पानं जेमतेम असतात, सावलीसाठी तो उपयोगाचा नाही. गुलमोहराची फांदी पहिल्याच वादळात गाडीवर येते. खड्डा तीन बाय तीन बाय तीन फूट, लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर. आळ्याभोवती चार बाय चार फूट माती उघडी सोडा. खोडापर्यंत पेव्हर लावले की झाड खुरटतं.

पावसाचं पाणी

नागपुरात वर्षाला साधारण ११०० मिमी पाऊस पडतो. हजार फुटांच्या गच्चीवरून, वीस टक्के वाया धरून, ८० हजार लिटर पाणी मिळतं. गच्चीला ११० मिमीचे किमान दोन पाइप द्या आणि ते दर्शनी भिंतीवर वेडेवाकडे न नेता कॉलमच्या बाजूच्या खाचेत बसवा.

शोषखड्डा काळ्या मातीतच थांबला तर तो टाकीसारखा भरून राहतो, शिवाय पायाजवळची माती फुगवतो. मुरूम किंवा झिजलेला खडक लागेपर्यंत न्या आणि घरापासून दहा-पंधरा फूट लांब ठेवा. छोट्या प्लॉटवर तेवढं अंतर मिळत नाही, तिथे गाळून बोअरमध्ये सोडणं बरं: खाली ४० मिमीची गिट्टी एक फूट, मधे २० मिमीची एक फूट, वर जाड रेती एक फूट. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह हवाच. धरमपेठ-धंतोलीकडे जुनी विहीर असेल तर ती बुजवून पार्किंग करू नका. पाणी मुरवायला तिच्याइतकी चांगली जागा तुमच्या प्लॉटवर दुसरी नाही.

फ्लॅट स्कीम असेल तर

खाली खांबांवर पार्किंग आणि वर चार मजले. यात रस्त्याला मिळतं ते अंधारं भोक. बिल्डरशी बोलून तीन गोष्टी पदरात पाडा: जिना रस्त्याच्या बाजूला आणि उजेडात, पार्किंगसमोर सात फुटांपर्यंत जाळीचा पडदा, आणि गेटजवळ बाकासह लहान बसायची जागा. कूलरचे ओटे प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक घ्या, निचरा एकाच पाइपात. नाहीतर वरच्याच्या कूलरचं पाणी खालच्याच्या खिडकीवर, आणि मग सोसायटीची प्रत्येक मीटिंग त्यावरच.

महाल-इतवारीतलं जुनं घर

इथे नियम उलटे आहेत. भिंत रस्त्याला भिडलेली, त्यामुळे सामासिक जागा शोधू नका. ओटा, दाराची चौकट, गणेशपट्टी, वरच्या मजल्याच्या सागवानी खिडक्यांची ओळ एवढं राखा आणि नवीन जे करायचं ते चौकाच्या आत करा. चौक झाकून खोली काढली की घराचा वारा संपतो आणि दिवसा दिवे लावावे लागतात. घर हेरिटेज यादीत आहे का ते मनपाकडे विचारा. यादीत असेल तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी हेरिटेज समितीची परवानगी लागते.

जुन्या चुन्यातल्या भिंतीला सिमेंट प्लास्टर करू नका. भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद होते, क्षार मागे साचतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत प्लास्टर पापुद्र्यांनी सुटतं, सोबत विटेचा चेहराही घेऊन जातं. किमान दोन-तीन आठवडे पाण्यात मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली रेती तीन भाग. एका थराची जाडी दहा-बारा मिमीच्या वर नको. आधीची भिंत भिजवून घ्या, प्रत्येक थर दोन आठवडे ओल्या गोणपाटाखाली ठेवा. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका. सागवानी खांबाचं बूड कुजलं असेल तर सगळा खांब बदलायची गरज नसते. वरचा भार टेकूवर घेऊन कुजलेला फूट-दीड फूट कापा, दगडी उथळं बसवा, किंवा तेवढाच सागाचा तुकडा खाच जोडून लावा.

खाली दुकान असेल तर

दुकानाची पाटी घराच्या नकाशातच आखा, नाहीतर ती वरच्या खिडकीवर चढते. शटरच्या वर आणि छज्ज्याच्या खाली दोन फुटांची सलग पट्टी सोडा, सगळ्या गाळ्यांना एकाच उंचीवर. २०२२च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक दुकानाला मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. चाळीस फुटी रस्त्याच्या पलीकडून वाचायला सहा इंच उंचीचं अक्षर पुरतं. वरच्या-खालच्या मात्रांसाठी प्रत्येकी तीन इंच धरा, म्हणजे फूटभर पट्टीत एक ओळ नीट बसते आणि उरलेल्या फुटात पत्ता, वेळ, दुसरी लिपी. वायर आणि दिव्यांसाठी पाटीमागे पाऊण इंची पाइप स्लॅब टाकतानाच सोडा. पाटी भिंतीपासून दोन इंच पुढे बसवा, म्हणजे मागचं पाणी वाहून जातं आणि चिमण्यांचं साचलेलं गवत वर्षातून एकदा, मृग लागण्याआधी, झाडूने काढता येतं.